पुस्तकामागचा चेहरा

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, तर आधी खुर्ची ओढून बस. कोणी गेलेलं नाही. माझ्या शिडं शिवायच्या शेडचं छप्पर जागेवर आहे, मशीन चालतंय, आणि माझे गुडघे तू गेलीस तेव्हा कुरकुरत होते तसेच कुरकुरताहेत. पत्र लिहायला बसले ते एवढ्याचसाठी की फोनवर तू निसटतेस. मी पुतळ्याचं नाव काढलं की तू इकडच्या हवेची चौकशी करतेस, हवेचं सांगून झालं की तुझ्या दारावर कोणीतरी आलेलं असतं. तुझ्या दारावर आजकाल माणसांची नुसती रीघ लागलेली दिसते. पत्राला मात्र दारावर कोणी आलं म्हणून गप्प करता येत नाही. फार तर अर्धं वाचून ठेवता येतं, पण अर्धं ठेवलेलं काही तुझ्या आईला चैन पडू देत नसे आणि त्या बाबतीत तू तिच्यावरच गेली आहेस.

तर पुतळ्याचं. तुला ते तुकड्यातुकड्यांनी कळलंय, आता सलग ऐक. धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघणाऱ्यांसाठी पत्र्याची शेड आहे ना, तिच्या बाहेरच्या दगडी कट्ट्यावर तुझी आई बसणार आहे. जिथे ती जन्मभर लोकांची बोलणी ऐकत बसली, तिथेच. ब्राँझची. उंच चौथरा नाही, कुंपण नाही, शेजारी दोन माणसं टेकतील एवढी जागा मोकळी. कल्पना बंदरमास्तरांची. निवृत्त झाल्यापासून हुकूम सोडायला त्यांच्याकडे बोटी उरलेल्या नाहीत, म्हणून ते समिती चालवतात. तर मातीत अंग झालं, हात झाले, बुटाची सुटलेली नाडीसुद्धा झाली. तोंड मात्र नाही. म्हणजे होतं, पण ते पुसावं लागलं. आणि महिनाअखेरीला साचा न्यायला ओतकामवाल्यांची गाडी येणार आहे. तोवर तोंड झालं नाही तर काय करायचं, हे कोणालाच माहीत नाही. बंदरमास्तर म्हणतात, होईल. ते वादळाच्या दिवशीही होईल असंच म्हणायचे.

तोंड का पुसावं लागलं हे सांगायचं तर आधी फोटोची गोष्ट काढायला हवी. तुला ती ठाऊक आहे, पण ती घडली तेव्हा तू कडेवर होतीस, म्हणून माझ्याकडून पुन्हा ऐक. तुझ्या आईचं पहिलं पुस्तक निघायचं होतं आणि प्रकाशकाचं एकच टुमणं, मागच्या पानासाठी फोटो पाठवा. तुझी आई, माझी धाकटी, ते पत्र घेऊन माझ्या शेडमध्ये आली, माझ्या मशीनवर ठेवलं आणि म्हणाली, 'ताई, फोटो काढायला तू जा. तुझं तोंड सरळ आहे.' मी म्हटलं, अगं, पुस्तक लिहिलंयस तू. तर म्हणे, 'वाचणारे पुढची पानं वाचतील, मागे कोण बसलंय त्याच्याशी त्यांना काय करायचंय.' धाकटीनं हट्ट धरला की मला नाही म्हणता यायचं नाही, तुझ्या आजीनं त्याबद्दल मला पुष्कळ बोलूनही घेतलं होतं. तिचा निळा स्वेटर चढवला, केस मागे बांधले आणि फोटोवाल्यासमोर जाऊन बसले. फोटोवाल्याला सगळं माहीत. तो म्हणाला, 'जरा विचारात आहात असं दाखवा.' मला त्या वेळी एका ताडपत्रीची शिवण उसवली होती तिची काळजी लागली होती. तो काळजीचा चेहरा पुस्तकामागे छापला गेला. पुढे प्रत्येक पुस्तकामागे तोच.

मग सुरू झाली गावाची मजा. बाहेरून वाचणारी माणसं यायची आणि मला रस्त्यात गाठायची. मी पाव घेऊन चाललेली असायचे आणि कोणीतरी डोळ्यांत पाणी आणून माझा हात हातात घ्यायचं. बेकरीवाला, तिकिटाच्या खिडकीतली बाई, सगळे चेहऱ्यावरची रेघ हलू न देता 'त्याच त्या' म्हणून माझ्याकडे बोट दाखवायचे. मी सह्या ठोकून द्यायचे. तुझी आई शेजारी उभी असायची, गालावर हात ठेवून. ही माझी बहीण, फारशी बोलत नाही, अशी मी तिची ओळख करून द्यायचे आणि ती कान टवकारून उभी राहायची. एक जाडजूड समीक्षक आले होते, ते मला अर्धा तास समजावत होते की तुमच्या कथांचे शेवट फार घाईत होतात. मी म्हटलं, खरंय, शिवताना पण माझं तेच होतं. ते त्यांना इतकं आवडलं की त्यांनी लिहून घेतलं. धाकटी घरी येऊन हसता हसता खुर्चीवरून घसरली, पण पुढच्या पुस्तकातले शेवट तिनं खरंच निवांत केले. गावानं हे गुपित इतकी वर्षं सांभाळलं की ते गुपित आहे हेच सगळे विसरून गेले. पाहुणा आला की माझ्याकडे बोट दाखवायचं, ही हातालाच लागलेली सवय.

मग शिल्पकार आले. पन्नाशीचे, भरदार गृहस्थ, चष्म्याच्या काचेवर कायम मातीचा अंगठा उमटलेला. त्यांना उंच छपराची आणि मोठ्या दाराची जागा हवी होती, ती गावात माझ्याचकडे. मी शिडं एका अंगाला सरकवली आणि अर्धी शेड त्यांना दिली. सळ्यांचा सांगाडा उभा राहिला, त्यावर माती चढायला लागली, आणि गाव येऊन सांगायला लागलं. टेलरमास्तर म्हणाले, उजवा खांदा उतरता घ्या, पिशवी त्याच खांद्याला असायची. बेकरीवाला म्हणाला, उतरता डावा. दोघांचं जुंपलं, आणि मी मधे पडून उजवा म्हणून सांगितल्यापासून बेकरीवाला मला कालचा पाव देतो. तिकीटवाली म्हणाली, बाई पाय हलवत बसायच्या, ते दाखवा. शिल्पकार म्हणाले, बाई, पुतळ्याचा पाय हलत नाही. 'मग उचललेला तरी दाखवा,' असं म्हणून ती तिथेच ठाण मांडून बसली, आणि आता एक पाय जरासा उचललेला आहे. पण एक गोष्ट मात्र प्रत्येकानं सांगितली, की ती बसायची ती गालावर हात ठेवून. शिल्पकार खूश झाले. लेखिका, विचारात गढलेली. मी दाभणात दोरा ओवत राहिले.

तोंड सगळ्यात शेवटी करायचं आणि पुरं होईपर्यंत कोणाला दाखवायचं नाही, ही त्यांची रीत. मी त्याच छपराखाली बसून शिवत होते, पण मधे चादर टांगलेली. एकदाच त्यांनी मला निरखून बघितलं आणि म्हणाले, 'बहिणीची झाक आहे तुमच्यात.' मी म्हटलं, असते तशी. मला वाटत होतं, फोटोचं त्यांना बंदरमास्तरांनी सांगितलं असेल. बंदरमास्तरांना वाटत होतं मी सांगितलं असेल. शाळेच्या मोठ्या बाईंना वाटत होतं की ही गोष्ट साऱ्या जगाला माहीत आहे, सांगायची काय. बारभाईंचा कारभार म्हणतात तो हाच. चादर काढली त्या सकाळी समिती ओळीनं उभी होती, आणि समोर मी बसले होते. तेव्हाची मी, ताडपत्रीच्या काळजीत. खांदा धाकटीचा, उचललेला पाय धाकटीचा, गालावरचा हात धाकटीचा आणि तोंड माझं. शिल्पकार कौतुकाची वाट बघत होते. शेवटी तिकीटवालीला हसू आवरेना आणि मग सगळी शेड हसली. मी तर शिडांच्या ढिगावर बसूनच घेतलं. बिचाऱ्यांना सगळं सांगितल्यावर ते चष्मा काढून पुसत राहिले आणि पुसल्यानं तो आणखीच माखला. 'आख्खं गाव मिळून एका माणसाला फसवतं म्हणजे काय,' एवढंच म्हणाले. रागावले नव्हते, पण मनाला लागलं होतं त्यांच्या, कारण तोंड खरंच सुरेख झालं होतं. मी इतकी देखणी आहे हे मला कोणी वेळेवर सांगितलं नाही.

हसून झाल्यावर भांडण सुरू झालं. बंदरमास्तरांचं म्हणणं, आहे ते ठेवू या. बाहेरची माणसं पुस्तकामागचा चेहरा शोधत येणार, त्यांना तोच सापडू दे. मी म्हटलं, मास्तर, मी अजून जिवंत आहे, रोज त्याच वाटेनं पाव आणायला जाते, आणि माझ्याच डोक्यावर समुद्रपक्षी बसलेले मला बघवायचे नाहीत. मग मोठ्या बाई म्हणाल्या, बदलायचं तर बदला, पण तोंड सरळच असू द्या. 'तिरकं तोंड धक्क्यावर बसवलं तर मुलं चेष्टा करतील. आणि तिला तरी आवडलं असतं का? जन्मभर झाकलं तिनं.' झाकलं होतं हे खरंच. फोटो म्हणावेत तर लग्नाच्या आधीचे काही आहेत, त्यांत ती अजून ती झालेली नाही, आणि नंतरच्या सगळ्यांत एक तर हात आहे नाहीतर पाठ आहे. जे तिनं असं जपून झाकलं ते मी चव्हाट्यावर मांडायचं का, या विचारानं त्या दिवशी माझी एक शिवण सरळ आली नाही.

तुला ते दिवस आठवायचं कारण नाही, तू जेमतेम महिन्याची होतीस. एका सकाळी चूळ भरताना पाणी तिच्या ओठांच्या कडेनं गळून खाली आलं. आरशात बघितलं तर डावी बाजू ओघळलेली. तोंडावरून वारं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणाच्या आगेमागे होतं कोणाकोणाला, बहुतेकांचं आपोआप सुधारतं, धीर धरा. तिचं सुधारलं, पण पुरतं नाही. सुरुवातीला तर डावा डोळा मिटायचाच नाही, झोपताना आम्ही त्यावर पट्टी चिकटवायचो. चहा हनुवटीवरून ओघळायचा. ओठ जुळवून म्हणायचे शब्द निसटायचे; 'ताई' स्वच्छ यायचं, पण पाणी मागताना ती अडखळायची आणि मग मागायचीच नाही. तिनं घराबाहेर पडणं सोडलं. दारावर कोणी आलं की ती आतल्या खोलीत. खिडकीचा पडदा सरकवू द्यायची नाही. मी गोडीत सांगून बघितलं, रागावून बघितलं, एकदा तर तो पडदाच काढून आणला आणि एका शिडाला ठिगळ म्हणून लावून टाकला. तिनं खिडकीवर चादर टांगली. म्हणाली, 'ताई, लोक माझं बोलणं ऐकत नाहीत गं, तोंडाकडे बघतात.'

आणि मग तुझे हात हलायला लागले. मांडीवर घेतलं की तू तिच्या त्या ओघळलेल्या गालावर थापट्या मारायचीस आणि खिदळायचीस. सरळ गाल पुढे केला की भोकाड पसरायचीस. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, तुला बरं वाटावं म्हणून रचून सांगत नाही. तुझ्यासमोर तिनं गालावर हात धरणंच सोडलं, तू तो ओढूनच काढायचीस. पहिल्यांदा बाहेर पडली ती तुला कडेवर घेऊन, बेकरीपर्यंत. परत आली तेव्हा हातात पाव होता आणि डोक्यात गोष्ट होती, ती तिनं ओट्यापाशी उभ्यानंच लिहून काढली. पुढे तू आपल्या पायांनी पळायला लागलीस, तिचा हात मोकळा झाला आणि पुन्हा गालावर गेला. पण बाहेर. घराच्या आत कधीच नाही. म्हणून तुला तो हात फारसा आठवत नसेल आणि गावाला त्या हाताशिवाय ती आठवत नाही.

मोठ्या बाईंना उत्तर शेवटी तूच दिलंस. माझ्या मशीनच्या वर भिंतीवर शिडाच्या कापडाचा तो तुकडा अजून टांगलेला आहे. लहानपणी बोटींवर नावं घालायच्या तांबड्या रंगाचा डबा तू पळवलास आणि त्यावर आख्खं घर काढलंस. आई, मी, मांजर, सूर्य, आणि एक बोट, जिला का कोण जाणे तोंड आहे. सगळ्यांची तोंडं एका बाजूला उतरलेली. मांजराचंसुद्धा. तोंड असंच असतं, अशी तुझी समजूत. शाळेत तू तसंच काढायचीस, आणि वर्गाच्या बाई 'तोंड सरळ काढून आण' म्हणून चित्र परत द्यायच्या. तू घरी येऊन आम्हाला विचारलंस, बाईंना आई नाही का. त्या वर्गाच्या बाई म्हणजे आजच्या मोठ्या बाई. तर त्या सकाळी बोलता बोलता त्यांची नजर वर गेली आणि त्या थांबल्या. 'असली चित्रं मी परत करायचे,' म्हणाल्या. मग त्यांनी मांजराच्या तोंडावरून बोट फिरवलं. मग शिल्पकारांना म्हणाल्या, 'मुलं चेष्टा करतील. थोडे दिवस करतील. मग शेजारी जाऊन बसतील.' शिल्पकारांनी मला विचारलं, 'घरात त्यांचा हात कुठे असायचा?' मी म्हटलं, मांडीवर, नाहीतर पोरीच्या डोक्यावर. त्यांनी माती कापायची तार घेतली आणि तो गालावरचा हात कोपरापासून कापून काढला. मातीचा होता तरी माझ्या काळजात चर्र झालं. आता तिचे दोन्ही हात मांडीवर आहेत.

तेव्हापासून तोंडापाशी घोडं अडलंय. माझं तोंड पुसून शिल्पकारांनी नवं करायला घेतलं. आधी मीच त्यांच्यासमोर बसले, डावा गाल बोटानं खाली ओढून. जे झालं ते बघून तिकीटवाली म्हणाली, ही पोरांना वेडावून दाखवणारी म्हातारी कोण? ते पुसलं. मग डॉक्टरांकडून जाड पुस्तक आणलं, त्यातली चित्रं बघून केलं. ते आजाराचं तोंड झालं, बघितलं की कीव यावी असं. तुझ्या आईकडे बघून कोणाला कधी कीव आली नाही, भीती वाटली असेल फार तर, पुस्तकात घालेल म्हणून. तेही पुसलं. मग सगळ्यांना एकदम तुझी आठवण झाली. कपाळ तिचं, नाक तिचं, हनुवटी तिची. बंदरमास्तरांनी तुला समितीच्या शिक्क्याचं पत्र धाडलं, आणि तुझं उत्तर आलं की तू शिकवतेस त्या शाळेत परीक्षा आहेत, यायला जमणार नाही. इथल्या शाळेला तर केव्हाच सुट्टी लागली. तुमच्याकडे परीक्षा भलत्याच लांबलेल्या दिसतात. सोबत तू फोटो पाठवलास, कॉलेजातला, दोन वेण्यांचा. शिल्पकारांनी तो बघितला आणि अदबीनं परत केला. म्हणाले, 'फोटोनं एकदा फसलोय, आता माणूस पाहिजे.' हल्ली ते धक्क्यावर लोकांची तोंडं न्याहाळत फिरतात. लोक त्यांना लांबून बघितलं तरी ओठ मिटून घेतात.

माती ओली ठेवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलंय. वाळली की तडे जातात, मग सगळंच गेलं. सकाळी मशीनला हात लावायच्या आधी मी तिच्या अंगावरची फडकी सोडते, पाणी फवारते, पुन्हा गुंडाळते. फडकी जुन्या शिडांची आहेत, धुऊन धुऊन मऊ झालेली. खांद्यांवर, हातांवर, उचललेल्या पायावर पाणी मारताना काही वाटत नाही, पण डोक्यापाशी आले की थांबते. केस आहेत, कान आहेत, आणि मधे नुसता कणकेचा गोळा. मी तिच्याशी बोलते, कोणी ऐकलं तर म्हणेल म्हातारी चळली. ती गेल्यापासून तिला सांगायच्या गोष्टी फार साठल्यात. आणि खरं सांगू का, तिच्याइतकीच मला तुझी आठवण येते. तू लहान होतीस तेव्हा या शेडमध्ये शिडांखाली लपायचीस आणि मी मुद्दाम सगळीकडे शोधायचे. आता तू लपलीस तर मला शोधायला लांब यावं लागेल, आणि गुडघे तयार नाहीत.

आता जे लिहायला बसले होते ते. मागच्या खेपेला फोनवर तू 'मावशी' म्हणालीस आणि त्यातला 'म' ओठांच्या कडेनं निसटला. फोनमधलं चित्र तू आधीपासूनच बंद ठेवतेस, कॅमेरा बिघडलाय म्हणून. धाकटीच्या ओठांतून तसा निसटलेला 'म' मी वर्षभर ऐकलाय गं, मला तो कोण चुकवणार. फोन ठेवला आणि जावईबापूंना लावला. त्यांना बोल लावू नकोस, त्यांनी बराच वेळ किल्ला लढवला. शेवटी मी एवढंच विचारलं की झोपताना डोळ्याला पट्टी लावता ना, आणि ते रडायलाच लागले. तू शाळेत जात नाहीस, दारावर कोणी आलं की आत जातेस, पडदे ओढलेले असतात, सगळं सांगितलं त्यांनी. डॉक्टरांनी तुलाही धीर धरा म्हणून सांगितलंय. सुधारेल, बहुतेकांचं सुधारतंच. आणि थोडं राहिलं तर राहिलं, तुझी आई त्याच तोंडानं आख्खं आयुष्य हसली आणि तुला ते इतकं आवडलं की तू मांजरालासुद्धा दिलंस. पुतळ्याचं म्हणशील तर त्यावर बंदरमास्तर माझं तोंड बसवोत नाहीतर स्वतःचं, मला त्याचं काही नाही. पण तू तिकडे पडदा ओढून बसली आहेस आणि मी इकडे शिडं शिवते आहे, हे माझ्यानं होत नाही. तेव्हा तिच्या गालावर थापट्या मारायला तू होतीस. मला तुझ्यासारखं खिदळता येणार नाही, पण मी आहे. म्हणून ये. शिल्पकारांसमोर बसायचं की नाही ते इथे आल्यावर तू ठरव, मी कोणाला काही बोललेली नाही. त्यांना नुसतं सहज विचारलं, की डावीच्या जागी उजवी बाजू असली तर चालेल का. जावयांना बाजू विचारायची राहून गेली होती. शिल्पकारांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, 'आरसा ठेवू.' तेव्हा तीही काळजी नको. फेरीबोटीत हवा तर गालावर हात ठेव, धक्क्यावर त्या हाताची सगळ्यांना सवय आहे, कोणी वळूनही बघणार नाही. शेडच्या आत आलीस की मात्र तो खाली घे, मला तुझं तोंड बघायचंय. तोवर मी माती ओली ठेवते.

तुझीच,
पुस्तकामागची मावशी